पहिली बाजू उतरलेली का वाटते? (आणि २१२ एलपी पुन्हा जमवायला सुरुवात कुठून करू?)

पेटीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

१९९४ साली आम्ही घर बदललं तेव्हा माझ्याकडे २१२ एलपी होत्या. जुनी जागा दोन दिवसांत रिकामी करायची होती, नव्या जागेत त्या ठेवायला भिंत नव्हती (भिंती होत्या हो, मोकळी भिंत नव्हती), आणि जो तो म्हणत होता की आता सीडी आली, ही अडगळ कशाला वागवताय. मीही म्हणालो, खरंच, कशाला. ओळखीतला एकजण गाडी घेऊन आला आणि सात खोकी भरून घेऊन गेला. वर प्लेयरही दिला त्याला. तो जिना उतरत असताना मी दारात उभा राहून ‘सांभाळून हं, कोपरे आपटतील’ असं सांगत होतो. म्हणजे वस्तू देऊन टाकली होती, जीव दिला नव्हता.

राहिली ती एक वही. दोनशे पानी. प्रत्येक रेकॉर्डला नंबर, घेतल्याची तारीख आणि पहिल्यांदा ऐकून झाल्यावर एक ओळ. नमुने देतो (पेटी म्हणजे माझी हार्मोनियम):

नं. ३७, १९८१: ‘बाजू १ पेटीला लागत नाही. पेटी दाखवून आणणे.’
नं. ६४: ‘दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं फाटतं. सुई?’
नं. ११२: ‘कव्हरची लक्तरं. आतली तबकडी आरशासारखी.’

आता निवृत्त झालो आहे. मुलीने वाढदिवसाला टर्नटेबल दिलं. मी वही काढली आणि ठरवलं की ओळीने सगळं परत जमवायचं. पहिली आणली नं. ३७, म्हणजे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’. नवी कोरी, जाडजूड, सील फोडून लावली. आणि पहिली बाजू मला उतरलेली वाटते. सूर खाली, चाल किंचित आळसावलेली. दुसरी बाजू मात्र जशी आठवते तशीच. हा अल्बम मी काही नाही तरी दोनशे वेळा ऐकला असेन, त्यामुळे भास म्हणून सोडून देता येत नाही.

तर प्रश्न दोन. टर्नटेबल बिघडलेलं आहे का? आणि या सगळ्या पुन्हा जमवताना जुन्या काळच्याच प्रती शोधायच्या की नव्या काढलेल्या घ्यायच्या?

---

सुईदोरा

पेटीवाला काका, परत या छंदात आलात, छान झालं. पण दुसऱ्या प्रश्नाकडे जायच्या आधी यंत्र तपासा. लोक रेकॉर्डवर रेकॉर्ड घेत सुटतात आणि झिजलेल्या सुईने त्या खरवडतात.

वेग तपासायला काही विकत आणू नका. कागदाची बोटभर पट्टी कापा, लेबलखाली अर्धी सरकवा म्हणजे फिरताना दिसेल. सुई टेकवून रेकॉर्ड वाजत असू द्या, कारण सुईच्या ओढीनेही वेग थोडा बदलू शकतो. मोबाइलवर तीन मिनिटं लावा आणि फेरे मोजा. मिनिटाला ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० व्हायला हवेत. ९८ झाले तर पट्टा सैल आहे किंवा वेगाचा स्क्रू हलला आहे.

मग सुईचा दाब. कार्ट्रिज (ज्यात सुई बसवलेली असते तो छोटा भाग) बनवणाऱ्याने जो सांगितलाय तोच ठेवायचा. बहुतेक साध्या कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम लागतो. ‘रेकॉर्डला त्रास नको’ म्हणून दाब कमी करणारे महाभाग भेटतात. उलट होतं. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि भिंती ओरखडते. दाब मोजायचा छोटा काटा मिळतो, तो घ्या. टोनआर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यांवर माझा विश्वास नाही.

तुमच्या नं. ६४ बद्दल. शेवटचं गाणं फाटण्यात सुईचा दोष असेलही, पण सगळा नसेल. तबकडी एकाच गतीने फिरते, मात्र बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत २१ च उरते. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. त्यात शेवटचं गाणं दणदणीत असेल तर गोल टोकाच्या सुईला ती बारीक वळणं पकडताच येत नाहीत. लंबगोल टोकाची सुई आणि कार्ट्रिजचा कोन नीट लावलेला असेल तर बराच फरक पडतो. त्या काळी आपल्या सगळ्यांकडे गोल टोकाचीच असायची. वहीतल्या किती रेकॉर्डांना तुम्ही उगाच नावं ठेवलीत ते आता कळेल :)

---

पेटीवाला

मोजले. पहिल्यांदा ६१ वर असताना फोन वाजला आणि ६१ नंतर ७१ म्हणालो. दुसऱ्यांदा दार लावून बसलो. तीन मिनिटांचा गजर झाला तेव्हा पट्टी शंभरावा फेरा पुरा करून खिडकीच्या दिशेला नुकतीच वळत होती. दुसऱ्या बाजूवरही तसंच.

म्हणजे यंत्र ठीक आहे. मग कान गेले म्हणायचे का?

---

खाचखळगे

कान शाबूत आहेत. यंत्रही शाबूत आहे. चुकीची होती ती तुमची १९८१ ची रेकॉर्ड.

हा त्या अल्बमचा प्रसिद्ध घोळ आहे. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चाललेल्या टेपवर नोंदलेलं संगीत पुढे योग्य वेगाच्या मशीनवर वाजवलं की ते जलद आणि चढं ऐकू येतं. तसंच ते तबकडीवर उतरलं आणि तीसेक वर्षं जगभर तसंच विकलं गेलं. दुसऱ्या बाजूचं काम २२ एप्रिलला झालं, तेव्हा मशीन ठिकाणावर होतं. म्हणून तुम्हाला दुसरी बाजू ओळखीची वाटली. टर्नटेबलचा दोष असता तर दोन्ही बाजू सारख्याच उतरल्या असत्या.

सुदैवाने त्या दिवशी खबरदारी म्हणून दुसरं मशीनही चालू होतं आणि ते बरोबर वेगात होतं. १९९० च्या दशकात ती टेप वापरून दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. फरक अर्ध्या स्वराइतकाही नाही, पण दोनशे वेळा ऐकलेल्या कानाला कळणारच.

तुमच्याकडे पेटी अजून असेल तर एक करून बघा. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ‘सो व्हॉट’ लावा आणि पांढरी दोनचा सा धरून काफीचे स्वर वाजवा, सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या लागतात. १६ बारनंतर (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) तेच सगळं अर्धा स्वर वर, काळी दोनवर जातं, ८ बार तिथे राहून परत खाली येतं. पेटी सुरात असेल तर नव्या प्रतीवर पहिल्या क्षणापासून लागेल. मग वहीतली ३७ नंबरची ओळ पुन्हा वाचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तरही यातच आहे. ‘जुनी की नवी’ असं सरसकट काही नसतं, दर अल्बमची वेगळी कुंडली असते. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते ना, तिथे तिरपा उजेड टाकून बघा. सुईने कोरलेले बारीक आकडे-अक्षरं दिसतील. कव्हर काहीही सांगो, ती तबकडी कुठल्या कटिंगमधून (टेपवरचं संगीत खाच कोरून मूळ तबकडीवर उतरवणं, त्याला कापणं म्हणतात) निघाली ते तिथे लिहिलेलं असतं. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या काही प्रतींवर तिथे ‘आरएल’ असतं, म्हणजे रॉबर्ट लुडविग. त्याने तो इतका दणकट कापला की स्वस्तातल्या प्लेयरवर सुया उडायला लागल्या, म्हणून कंपनीने तो सौम्य करून पुन्हा कापून घेतला. अल्बम एकच, कव्हर एकच, आणि दोन तबकड्यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या जॅझ रेकॉर्डांवर ‘व्हॅन गेल्डर’ किंवा नुसतं ‘आरव्हीजी’ असा शिक्का सापडला तर समजायचं की ज्याने ध्वनिमुद्रण केलं त्याच माणसाने ती कापली आहे. ही अक्षरं वाचायला भिंग ठेवा जवळ. मला एकदा रात्री दीड वाजता टॉर्च तोंडात धरून वाचताना घरच्यांनी पाहिलंय. तेव्हापासून या विषयावर घरात बोलणं बंद आहे.

मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा), तेही बघून घ्या. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’चं मोनो मिश्रण बीटल्सनी स्वतः बसून वेळ घालवून केलं, स्टिरिओ नंतर लवकर उरकलं गेलं. दोन्हींत एका गाण्याचा वेगसुद्धा वेगळा आहे, मोनोमध्ये ते जलद आणि चढं. लहानपणी तुम्ही जे ऐकलं असेल तेच तुम्हाला बरोबर वाटणार. वहीत मोनो-स्टिरिओ लिहिलंय का?

आणि ‘जाडजूड’वर जाऊ नका. १८० ग्रॅम म्हणजे फक्त प्लास्टिक जास्त. आवाज टेप, कापणारा आणि कारखाना यांवर ठरतो. १२० ग्रॅमच्या कित्येक पातळ तबकड्या अप्रतिम वाजतात.

---

मुक्कामपोस्ट

स्पष्ट बोलतो, राग नसावा. २१२ च्या २१२ कशाला? हे सगळं फोनवर आहे. शिवाय विशीत घेतलेल्या रेकॉर्डांपैकी निम्म्या तरी मित्राकडे आहेत म्हणून किंवा कव्हर भारी म्हणून घेतलेल्या असतात. मी माझा संग्रह असाच ‘पूर्ण’ करायला गेलो. चाळीसएक झाल्यावर लक्षात आलं की मी याद्या ऐकतोय, गाणी नाही.

---

निळीशाई

मुक्कामपोस्ट यांच्याशी अर्धी सहमत. काका, वही घेऊन बसा आणि ज्यांच्या बाजूंचा क्रम तुम्हाला न बघता सांगता येतो तेवढ्यांवर खूण करा. एक गाणं संपताच पुढच्याचा पहिला सूर डोक्यात आपोआप वाजतो ना, त्या. त्या आधी घ्या. बाकीच्या सापडल्या तर सापडल्या.

मी वापरलेल्या रेकॉर्ड घेते, म्हणून दोन-चार गोष्टी.

विकणाऱ्यांच्या प्रतवारीची भाषा उलटी असते. ‘गुड’ म्हणजे जवळजवळ टाकाऊ. ‘व्हेरी गुड’ म्हणजे वाजेल, पण शांत जागी चरचर सोबतीला राहील. जॅझ किंवा नुसती पियानो-सतार असेल तर निदान ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुडच्या वरची पायरी) तरी घ्या, ढणढण असेल तर एक पायरी खाली चालते. आणि फोटोवर जाऊ नका. माझ्याकडे एक रेकॉर्ड आहे, दिसायला तुमच्या ११२ सारखी आरसा. सुई टेकवली की कढईत मोहरी. कुणीतरी झिजलेल्या सुईवर वर्षानुवर्षं वाजवलेली. झीज खाचेच्या आत असते, वरून दिसतच नाही. उलट जिच्यावर केसासारखे उभे-आडवे ओरखडे दिसत होते तिच्यात काही ऐकूही येत नाही, कारण ते नुसते वरवरचे. नख हलकेच फिरवून बघायचं, नखाला लागला तर तो ऐकू येणार.

जुनी रेकॉर्ड घरी आली की आधी धुवायची, मगच वाजवायची. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर साधा साबण, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल गोल. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबल भिजू द्यायचं नाही. नळाचं पाणी नको, ते वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि सुईला तेच ऐकू येतात.

आता माझा गुन्हा कबूल करते. आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डांच्या) खोक्यातली एक तबकडी मी मोठ्या उत्साहाने स्पिरिटने पुसायला घेतली. कापूस काळा झाला. मला वाटलं, अबब, किती मळ! आणखी घासली. तो मळ नव्हता, ती रेकॉर्डच होती. ७८ च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी व्हिनाइलच्या, त्यांचं तसं होत नाही. पण माझ्या घरात तेव्हापासून स्पिरिटची बाटली आणि ७८ एका खोलीत नसतात. ती तबकडी ठेवली आहे. मधोमध एक मंद, चमक गेलेला पट्टा आहे, आणि तिथे गाणारी बाई पावसात गेल्यासारखी वाटते.

ठेवताना उभ्या ठेवा, तिरप्या नाही, एकावर एक तर मुळीच नाही. दोनशे एलपी म्हणजे पन्नास किलोच्या आसपास वजन होतं, तेव्हा पुस्तकांच्या हलक्या फळीवर भरवसा नको, आणि मध्ये मध्ये उभे कप्पे हवेत. बाहेरचं प्लास्टिक कव्हर मऊ, जाड, वास येणारं पीव्हीसीचं असेल तर काढून टाका. त्यातलं रसायन झिरपून तबकडीवर धुकं धरतं आणि ते धुऊन जात नाही. पॉलिथिनची साधी पातळ कव्हरं उत्तम.

---

सुईदोरा

‘पावसात गेलेली बाई’ :)

निळीशाई, त्यात एक भर. ७८ असतील तर त्यांना सुई वेगळी. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन लोळते, नुसती खरखर ऐकू येते. सुरुवातीच्या मोनो एलपींची खाचही स्टिरिओपेक्षा जरा रुंद असते, त्यांना २५ मायक्रॉनची मोनो सुई लावली तर चरचर बरीच कमी होते. पण काका, हे सगळं पुढचं. सध्या एक चांगली सुई पुरे.

---

पेटीवाला

सगळ्यांचे आभार. सविस्तर सांगतो.

पेटी माळ्यावर होती. काढली, भाता ठीक आहे, एक पट्टी अडकते पण ती वरच्या सप्तकातली. मोबाइलवर स्वर तपासले, सुरात आहे. मग ‘सो व्हॉट’ लावलं. बास सुरू झाला, मी पांढरी दोन दाबून धरली आणि लागली. अशी लागली की दोन आवाजांच्या मध्ये फट राहिली नाही. ८ बार काळी दोनवर गेलो, तिथेही लागली. परत खाली आलो. सौ. आतून बघायला आल्या की रेकॉर्डमध्ये पेटी कुठून आली.

मग वही उघडली. ‘पेटी दाखवून आणणे’ या ओळीखाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ आहे, ती मी विसरलोच होतो: ‘दाखवली. पेटी ठीक आहे म्हणतात. मशीन पळतं म्हणतात.’ त्यानंतर पानभर हिशेब, प्लेयरचा पट्टा बदलला, मग मोटर बदलली, मग तो दुरुस्त करणाऱ्याशी भांडलो. बिचारा शपथेवर सांगत होता की मशीन बरोबर आहे. बाजू दोन तेव्हाही पेटीला लागत असणार की! पण ती मी लावून पाहिलीच नाही. तेरा वर्षं त्या पहिल्या बाजूवर पेटी वाजवायची म्हणून मी भात्यावर हात ठेवायचो आणि सोडून द्यायचो.

मुक्कामपोस्ट, राग नाही. तुमचं ऐकून आणि निळीशाईंची खूण वापरून बसलो. न बघता क्रम सांगता आला अशा ५८ निघाल्या. ६४ त्यात आहे, ११२ नाही. ११२ मध्ये काय होतं ते आठवतही नाही, नुसता तिचा आरसा आठवतो. मोनो-स्टिरिओ वहीत कुठेच लिहिलेलं नाही, कारण तेव्हा स्पीकर एकच होता.

सुई लंबगोल टोकाची मागवली आहे.

आता एक विचारतो, हसू नका. नवी ३७ बरोबर आहे हे पटलं. पेटीने सिद्ध केलं. पण ती संपल्यावर मी नुसता बसून राहिलो, कारण मला जी ऐकायची होती ती ही नव्हे. मला ती चढी, किंचित घाईत असलेली हवी आहे. तसली कशी ओळखायची?

---

खाचखळगे

हसत नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत.

१९९० च्या आधीची कुठलीही प्रत घ्या, सगळ्यांत तीच चूक आहे. पहिल्या छपाईच्या मागे लागू नका, सत्तरच्या दशकातली साधी वापरलेली प्रतही तशीच पळते. मूळ कोलंबियाच्या प्रतींवर नंबर ‘सीएल १३५५’ असेल तर मोनो, ‘सीएस ८१६३’ असेल तर स्टिरिओ. तुमच्याकडे एकच स्पीकर होता म्हणजे दोन्हींपैकी काहीही असू शकेल. आधी स्टिरिओ बघा, जास्त सापडतात.

फक्त निळीशाईंनी सांगितलंय तसं, आली की आधी धुवा.

---

पेटीवाला

शोध सुरू केला आहे. वहीत शेवटच्या २१२ नंतर रेघ मारली होती, तिच्याखाली लिहिलं: ३७ अ, बरोबर. ३७ ब, यायची आहे.